झडतीची चिठ्ठी

मध्य इंग्लंडमधील ज्या गावात आम्ही नऊ वर्षे राहतो आहोत, तेथे गेल्या नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी दोन पोलिसांनी मला रस्त्यात थांबवले. जवळच्या दुकानात चोरी झाली होती, चोराच्या अंगात निळे जाकीट आणि पाठीला काळी पिशवी होती, आणि नेमक्या त्याच वेशात मी कामावरून परत येत होतो. पिशवीतून जेवणाचा डबा, छत्री आणि आईसाठी घेतलेला गुडघ्याचा पट्टा एवढाच ऐवज निघाला.

पण पिशवीला हात लावण्यापूर्वी त्या दोघांतल्या तरुण पोलिसाने, गुरुजींनी संकल्पाआधी देशकाल उच्चारावा त्या लयीत, आपले नाव, ठाणे, संशयाचे कारण, शोधायची वस्तू आणि कायद्याचे कलम सांगितले, आणि या नोंदीची प्रत मागण्याचा मला हक्क आहे, हेही सांगितले. मी प्रत मागितली. (फुकट मिळणारा सरकारी कागद इंदूरचा माणूस सोडत नाही.)

ही पद्धत पोलिसांच्या सौजन्यातून आलेली नाही. १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्याच्या आधारे केवळ संशयावरून कोणालाही पकडता येत असे, आणि त्याचा जाच मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांना होई. १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल उसळली, तिच्या चौकशीचा लॉर्ड स्कारमन यांचा अहवाल आला आणि १९८४ च्या कायद्याने झडतीसाठी ‘वाजवी कारण’ आणि त्याची लेखी नोंद बंधनकारक केली. कोणाला थांबवायचे आणि कोणाला जाऊ द्यायचे, हा निर्णय रस्त्यावरच्या पोलिसाकडेच राहिला, कारण तो त्याच्याकडून काढून घेणे शक्यच नव्हते; मात्र त्या निर्णयाचे कारण लिहिण्याचे ओझे त्याच्यावर आले.

ती चिठ्ठी हातात घेताना मला काकांची स्कूटर आठवली. २०११ मध्ये ती इंदूरच्या राजवाड्याजवळून चोरीला गेली, तेव्हा पोलीस ठाण्यातल्या मुंशींनी, म्हणजे लेखनिकांनी, ‘आवेदन दे जाओ, देख लेंगे’ म्हणून साध्या कागदावर अर्ज घेतला आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. शिक्का पाहून काका समाधानाने घरी आले. आवेदन म्हणजे एफआयआर नव्हे, हे विमा कंपनीने एफआयआरची प्रत मागितली तेव्हा समजले. गुन्हा नोंदवायला नकार दिला, असे त्या मुंशींनी कुठेही लिहिले नव्हते. नकार कागदावर आलाच नाही, तेव्हा दाद तरी कशाविरुद्ध मागायची? पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात, खबरीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल दिला.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. स्टीफन लॉरेन्स या तरुणाच्या १९९३ मधील खुनाच्या तपासाविषयी १९९९ मध्ये आलेल्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलावर संस्थात्मक वंशभेदाचा ठपका ठेवला. आजही लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांच्या झडत्या गोऱ्यांच्या कित्येक पट होतात, बहुतेक झडत्यांतून पुढे काहीच निष्पन्न होत नाही, आणि १९९४ च्या कायद्याच्या ६० व्या कलमाखाली ठरावीक भागात, ठरावीक वेळेपुरती संशयाशिवायही झडती घेता येते. माझ्या चिठ्ठीवर कारण म्हणून निळे जाकीट लिहिले आहे. माझा वर्ण त्या कारणात नाही, आणि तो त्या पोलिसाच्या मनात होता की नव्हता, हे कोणतीही चिठ्ठी सांगणार नाही. मात्र अशा लाखो चिठ्ठ्यांची बेरीज झाली म्हणूनच तो पक्षपात आकड्यांत दिसला.

आपल्याकडे कायद्यात कारण लिहिण्याची तरतूद नाही असे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक का केली, किंवा का केली नाही, याची कारणे पोलिसांनी लिहून ठेवली पाहिजेत. अर्णेश कुमार खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारणे दंडाधिकाऱ्यांनी तपासावीत असे बजावले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या ३५ व्या कलमात ही तरतूद कायम आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा आदेश तर प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्येच निघाला होता. इंदूरकरांनी याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या शहरात पोलीस आयुक्तालय आले आणि पूर्वी जिल्हा प्रशासनाकडे असलेले प्रतिबंधात्मक कारवाईचे व जिल्हाबदरीचे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांच्याच हाती गेले.

रविवारी फोनवर काकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘त्या चिठ्ठीवर त्याचं नाव आहे का?’ मी म्हणालो, ‘हो काका, नावही आहे आणि नंबरही.’ ते उठून कपाटाकडे गेले असावेत, कारण थोड्या वेळाने कागदांची सळसळ ऐकू आली. ‘आपल्या आवेदनावर नुसता शिक्का आहे रे,’ ते म्हणाले, ‘आणि तारीखसुद्धा पुसट झाली आहे.’