कोजागिरी ते संक्रांत: आमची वाटचाल

आमच्या धंद्याचा मोसम कोजागिरीला उघडतो आणि संक्रांतीला मिटतो. मधले मुंजी, साखरपुडे, शाळेची संमेलनं होतच असतात, पण गोदामाचं भाडं आणि पोरांचे पगार निघतात ते याच तीनेक महिन्यांत. डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी भागात आणि आता पार पलावा टाउनशिपपर्यंत सोसायट्यांचे सण आम्ही उभे करून देतो. मंडप, खुर्च्या, दिवे, साउंड, खाऊचे स्टॉल, झालंच तर किल्ल्यांची माती. मातीचं पुढे सांगते.

आमच्या आप्पांनी धंद्याची सुरुवात केली ती बांबू, कनाती आणि लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर. तेव्हा लग्नं इमारतीच्या गच्चीवर नाहीतर आवारात लागायची. हळूहळू ती हॉलमध्ये गेली. हॉलवाल्यांचे डेकोरेटर ठरलेले, बाहेरच्याने आत यायचं तर रॉयल्टी मोजायची. मंडळांची कामं होती, पण तिथली उधारी गणपतीची ती शिमग्यापर्यंत लोंबायची. मी धंद्यात आले तेव्हा आप्पा खुर्च्या विकायच्या विचारात होते.

सोसायट्यांनी तारलं. पण त्यांचं गणितच वेगळं. मंडळाला आवाज लांब पोचवायचा असतो, सोसायटीला तो आवारातच ठेवायचा असतो. तान्ही बाळं, आजारी माणसं, बारावीची पोरं, सगळी त्याच भिंतींच्या आत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण आम्ही ती धरून चालत नाही. मुलं साडेनऊला पेंगायला लागतात, सूट घेऊन करायचंय काय? मोठे स्पीकर आम्ही काढून टाकले. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. स्टेजजवळ दोन भोंगे लावले तर पहिल्या रांगेचे कान फुटतात आणि मागच्यांना शब्द कळत नाही. त्याऐवजी खांबाखांबावर छोटे स्पीकर, प्रत्येकाचा आवाज बेताचा. वायर जास्त लागते, पोरं कुरकुरतात, पण खुर्चीत बसून शेजारणीशी बोलता येतं. सणाला माणसं त्यासाठीच तर खाली उतरतात.

कोजागिरीचं काम वरून सोपं दिसतं: दूध आटवा, चारोळी घाला, गाणी लावा. अडचण चंद्राची. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि पूर्वेलाच बावीस मजली टॉवर उभा असला तर दुधात दिसणार काय, बाराव्या मजल्याचा ट्यूबलाइट? म्हणून नवी सोसायटी असली की अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद पौर्णिमेला, रात्री जाऊन बघून येतो. महिन्याभराने चंद्राची वाट थोडी सरकते, पण अंदाज येतो. दुधाचं टेबल त्या कोपऱ्यात लागतं, स्टेज कुठेही असो.

दिवाळी पहाट म्हटली की डोंबिवलीकरांच्या डोळ्यांसमोर फडके रोड येतो, आणि आमच्या ड्रायव्हरच्या कपाळावर आठ्या. उजाडता उजाडता गणेश मंदिराच्या बाजूला नव्या कपड्यांतली एवढी गर्दी लोटते की टेम्पो अडकला तो अडकलाच. आम्ही सामान आदल्या रात्री पोचवतो. मिक्सरवर आणि जोडांवर दव पडतं, ते प्लास्टिकने झाकायचं. सहाच्या आत माइक सुरू करायचा नाही, तबला लावून घ्यायचा तो तसाच.

आता माती. सोसायट्यांची आवारं पेव्हर ब्लॉकने गच्च झाली आणि किल्ल्याला मूठभर माती मिळेना. एका कमिटीच्या काकूंनी विचारलं, मंडप आणता तशी माती नाही का आणता येणार? तेव्हापासून वसुबारसेच्या आठवडाभर आधी लाल मातीच्या गोणी, दगड आणि गोणपाट पोचवतो. मोहरी, अळीव उगवायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून एवढं आधी. तुळशीच्या लग्नानंतर माती परत उचलून नर्सरीला देतो. यात पैसे फारसे सुटत नाहीत. पण किल्ल्यासाठी मातीत हात घातलेली पोरं सोसायटीच्या डिसेंबरमधल्या जत्रेलाही आईबापांना ओढून आणतात.

आमची खरी डोकेदुखी माणसांची. दिवाळीच्या तोंडावर मुरबाड-शहापूरकडची पोरं भातकापणीला जातात आणि बिहारची छठला. दोन्ही रास्त, अडवणार कोणत्या तोंडाने? पलावाच्या बाजूला एका सोसायटीने छठसाठी ताडपत्री अंथरून विटांचा हौद करून घेतला, तेव्हापासून आमचे दोन सुतार घरच्यांसह तिथेच अर्घ्य देतात. तेवढाच आधार.

2018 च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलची सजावट गेली, बरं झालं. कापड आणि बांबू पुन्हा वर आले, आप्पा खूश. 2019 ला अरबी समुद्रात वादळ उठलं आणि ऐन दिवाळीत पाऊस. 2020 बद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गोदामाला कुलूप होतं.

डिसेंबरात सावळाराम महाराज क्रीडासंकुलात आगरी महोत्सव भरतो. तिथे आमच्यासारख्याचं काम नाही, तो पसारा मोठा. पण तिथलं खाऊन आलेले लोक सोसायटीतही तांदळाच्या भाकरीचा स्टॉल मागतात. नाताळचं झाड, सांता, शेजारी भाकरी आणि कोंबडीचा रस्सा. आमची हरकत नाही.

2026 ला अधिक ज्येष्ठ, म्हणून लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आणि कोजागिरीही ऑक्टोबरच्या शेवटाकडे. आभाळ मोकळं मिळायची शक्यता जास्त. मात्र तुळशीची लग्नं, मुलांचे मेळे आणि नाताळ एकमेकांच्या अंगावर येणार. तेव्हा ज्यांना शनिवार-रविवार हवेत त्यांनी गणपतीआधी कळवावं. खुर्च्या आहेत, माणसं मोजकीच.