तुम्ही विचारलंत म्हणून: इतके मॅक्रो कशाला?

आमच्या टीममध्ये नवा आलेला प्रत्येक जण आठवड्याभरात हे विचारतोच. "सर, इतके मॅक्रो कशाला? साधं लिहिलं असतं तर वाचता तरी आलं असतं." नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर चहा पिताना विचारतात, मुलाखतीला आलेली मुलंसुद्धा विचारतात. आजवर "वेळ वाचतो" एवढंच म्हणत आलो. आता नीट सांगतो. मॅक्रो म्हणजे प्रोग्राममध्ये लिहिलेलं एक छोटं नाव; कंपायलर वाचायला घेण्याआधीच त्याच्या जागी ठरवून दिलेला कोड बसतो.

आमचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालेल अशा रूपात आणणारा) पीएलसीच्या, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या भाषेचा. सिंटॅक्स ट्रीमध्ये, म्हणजे कंपायलर प्रोग्रामची जी झाडासारखी मांडणी करतो तिच्यात, तेव्हा ७४ प्रकारचे नोड, म्हणजे गणित, तुलना असे घटक, होते. एक नोड वाढवायचा तर सहा ठिकाणी हात घालावा लागे: एनम (प्रत्येक नोडला एकेक आकडा देणारी यादी), नावांचा तक्ता, प्रिंट, कॉपी, मेमरी सोडणं, फाइलमधून वाचणं. पाच ठिकाणं आठवायची, सहावं राहायचं. प्रत्येक नोडचं काय करायचं ते निवडणाऱ्या स्विचमध्ये 'बाकी सगळ्यांसाठी' असा डिफॉल्ट असल्यामुळे वॉर्निंगही येत नसे. असा राहिलेला नोड ज्याने रात्री बारा वाजता शोधलाय, त्याने मला मॅक्रोविरुद्ध सांगावं. त्याचं मी ऐकेन.

म्हणून सगळे नोड एका फाइलीत, एका यादीत आणले. ती फाइल इन्क्लूड करण्याआधी, म्हणजे दुसऱ्या फाइलीत ओढण्याआधी, दर वेळी मॅक्रोची व्याख्या बदलायची. त्याच ओळींतून एकदा एनम निघतो, एकदा नावं, एकदा स्विचचे केस. हे माझं खूळ नाही. जीसीसी या कंपायलरची ट्री डॉट डेफ ही फाइल आणि क्लँग या कंपायलरमधली टोकनांची (भाषेतल्या शब्दांची आणि चिन्हांची) यादी अशाच चालतात. आमच्याकडच्या जवळजवळ २००० ओळी गेल्या. त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे.

त्रास आहेच. चुका शोधायचा डीबगर मॅक्रोच्या ओळीवर अडतो, मॅक्रोने जोडून तयार केलेलं नाव ग्रेपला (शब्द शोधायच्या कमांडला) सापडत नाही, शेवटी मॅक्रो उलगडणाऱ्या प्रीप्रोसेसरचं आउटपुट काढून वाचावं लागतं. त्याची सवय होते. पुढच्या गोष्टीची मला झाली नाही.

नव्याने आलेल्या एका मुलीला मी म्हणालो होतो, "यादीत एक ओळ घाल, बाकी सगळं आपोआप होतं." तिने घातांकाचा नोड घातला, अगदी योग्य जागी, गणिती क्रियांच्या शेवटी. त्याखाली यादीतले शेवटचे चार नोड तुलनेचे होते: लहान, लहान किंवा समान, मोठं, मोठं किंवा समान. आकडे यादीतल्या क्रमानेच मिळत होते, त्यामुळे चौघांचेही एकाने पुढे सरकले. टेस्ट सगळ्या पास, कारण टेस्टमध्ये सगळं सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, कंपाइल होतं. ग्राहकाकडची काउंटरची, म्हणजे मोजणीच्या तयार कोडची, लायब्ररी मात्र आधीच कंपाइल केलेली, आणि तिच्यात नोडचे जुने आकडे. त्यात तुलना एकच होती. काल ज्या आकड्याचा अर्थ 'मोठं किंवा समान' होता, त्याचा आज नुसता 'मोठं' झाला. म्हणजे बारा झाल्यावर थांबायचं ते बाराच्या पुढे गेल्यावर.

अंबडच्या एका कारखान्यात १२ बाटल्यांच्या खोक्यात तेरावी बाटली घुसायला लागली. मी पोचलो तेव्हा लाइन बंद होती आणि एक बाई काच झाडत होत्या. काउंटरचा कोड पुन्हापुन्हा वाचला, तो बरोबरच होता. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी त्या मुलीला विचारलं, "तू नक्की कशाला हात लावलास?"

"सर, मी एकच ओळ घातली."

"एका ओळीने असं होत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या रात्री जुना कोड उघडला. हाताने लिहिलेल्या त्या एनममध्ये प्रत्येक नोडपुढे आकडा होता आणि वर कॉमेंट: हे आकडे फाइलमध्ये जातात, बदलू नका. यादी करताना ते मीच उडवले होते. मला ती अडगळ वाटली होती. एलएलव्हीएमच्या (क्लँग ज्यावर उभा आहे त्या प्रकल्पाच्या) इन्स्ट्रक्शनच्या यादीत आकडे स्पष्ट लिहिलेले असतात, बिटकोडसाठी, म्हणजे फाइलमध्ये जाणाऱ्या रूपासाठी, तर वेगळेच ठरवलेले असतात. हे मला माहीत नव्हतं असंही नाही.

मग दोष मॅक्रोचा की माझा? यादी केली तेव्हाचा मी म्हणेल, आकडे उडवणं ही वेगळी चूक, त्यात मॅक्रोला कशाला ओढता? पण ज्या ओळी पुन्हापुन्हा लिहायचा मला कंटाळा होता, ती कॉमेंट त्यांच्यातच होती. रोज डोळ्यांसमोरून जायची. आणि तरीही, सहाव्या ठिकाणी राहिलेल्या त्या नोडांचं काय करायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

यादी अजून मॅक्रोचीच आहे. आकडे परत आलेत, आणि एकच आकडा दोनदा आला तर बिल्ड होत नाही. ते त्या मुलीनेच लिहिलं. मी तिची माफी मागितली, पण केबिनचं दार लावून. आरोप सगळ्यांसमोर केला होता, म्हणून हेही सगळ्यांसमोर लिहिलं.