काचेच्या टाकीतला पूर

आबांना कुठल्याही प्रदर्शनाला न्यायचं म्हणजे तिकीट नाही, हे आधी तीनदा सांगावं लागतं. सांगलीतच एका छोट्या संग्रहालयात मातीकाम, खडक आणि हवामानबदल असं एकत्र मांडलंय, हे पतसंस्थेतल्या मैत्रिणीनं सांगितलं. आम्ही कुंभार. मी कॅशियर झाले, पण आबा अजून संक्रांतीची सुगडं आणि नवरात्राचे घट करतात.

दारातच काळ्या पाषाणाचा धोंडा, शेजारी खडी क्रशरवरची त्याचीच भुकटी, आणि पुढं ती भुकटी लावून १२०० अंशांच्या आसपास भाजलेला वाडगा. भुकटी वितळून तपकिरी-काळी काच झालेली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून हा दगड झाला आणि दगड झिजून काळी माती, हे शाळेत पाठ केलेलं. पण झिजताना तो पावसाच्या पाण्यातून आलेला हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो, हे मला नवीन. त्याच फलकाखाली भट्ट्यांच्या धुराचा फोटो होता. आमचा आवा वर्षातून चार वेळा पेटतो हो, त्याला कशाला त्या रांगेत बसवता?

"नुसती काळी माती घेऊन चाकावर बसा म्हणावं," आबा पुटपुटले. काळी माती भिजली की फुगते, वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून आम्ही नदीचा पोयटा घेतो, त्यात राख आणि घोड्याची लीद मळतो. भाजताना लीद जळून जाते, बारीक छिद्रं राहतात. माठाचं पाणी त्यांतूनच पाझरतं, बाहेर वाळतं आणि आतलं गार होतं. यातलं एक अक्षर तिथं नव्हतं.

खरी गर्दी मधल्या काचेच्या टाकीपाशी होती. एकसारखी दोन मडकी पाण्यात, एक भाजलेलं, एक कच्चं. कच्च्याचा काठ ढासळला होता, बूड पसरलं होतं. लहान पोरं काचेला नाक लावून बघत होती.

आबा गप्प झाले. मला कळलं का ते. पावसाळ्यात आवा पेटत नाही, त्यामुळं ऑगस्ट २०१९ ला नवरात्राचे घट कच्चेच फळ्यांवर वाळत होते. पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. ओसरल्यावर घरात शिरलो तर फळ्यांवर नुसता चिखल. कोपऱ्यातला आजीचा रांजण मात्र गाळानं भरून, पण धडधाकट उभा.

फलकावर कारण होतं : ६०० अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, मग ती परत चिखल होत नाही. आबांना आकडा माहीत नाही, ते जाळाचा रंग बघतात.

शेवटच्या भिंतीवर पावसाचा आलेख होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०१७ चा अभ्यास : मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीनं वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारी वाफ, वगैरे. धरणांतून पाणी कधी आणि किती सोडलं, यावर अक्षर नाही. सांगलीत पुराबद्दल बोलायचं आणि विसर्गाबद्दल नाही, हे आमच्या गल्लीत कुणी खपवून घेणार नाही.

मी आलेख वाचत होते तोवर आबा पुन्हा टाकीपाशी. "हात लावू नका"च्या पाटीशेजारी उभं राहून तिथल्या मुलीला विचारत होते, "बाळ, हे संपल्यावर ह्या गाळाचं काय करणार?"

"टाकून देणार, आजोबा."

"टाकू नका. मळलेली माती हाय ती."

प्रदर्शन पुढच्या रविवारी संपतंय. बादली कालपासून दारात काढून ठेवलीय.