नुकू हिवा: आधी डोंगराची बाजू विचारा

ताहितीहून तीन-सव्वातीन तास उडून विमान नुकू हिवाला टेकलं आणि खिडकीतून दिसला तो चक्क माणदेश. तांबूस उघडा माळ, खुरटी झुडपं, हिरवं म्हणावं असं काही नाही. पॅसिफिकमधलं बेट म्हणून डोळ्यांपुढे जे चित्र होतं, ते तिथेच गळालं.

बेट फ्रेंच पॉलिनेशियातलं, आणि या भागाचं फ्रेंच नावच मुळी ‘ओसाड जमीन’. इथे वारे वाहतात पूर्वेकडून. वाटेत डोंगर आडवे; सगळ्यांत उंच तेकाओ, 1224 मीटर. पाऊस त्या बाजूलाच पडून जातो आणि वायव्येचा हा कोपरा कोरडा राहतो. महाबळेश्वर आणि माण यांचं जे नातं, तेच इथे जेमतेम तीसेक किलोमीटर लांबीच्या बेटात कोंबलंय. धावपट्टीपुरती सपाटीही नेमकी या कोरड्या टोकाला सापडली, गाव मात्र पलीकडे. त्यामुळे विमानतळ ते तायोहाए हा दीड तासाचा घाट आहे. मुक्कामाच्या घरमालकांना आधीच गाडी सांगून ठेवा. बाहेर रिक्षावाले उभे नसतात. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या, लाजू नका. वर तोओवी पठारावर, 800 मीटरच्या आसपास, पाइनची झाडं, धुकं आणि चरणाऱ्या गाई. माझं जॅकेट तेव्हा डिकीतल्या बॅगेत, तळाशी.

मग उतार लागतो आणि खाली तायोहाएचा उपसागर दिसतो. हे ज्वालामुखीचं अर्धं विवर. दक्षिणेची कड समुद्रात गेलेली. दगड आपल्याच जातीचा, बेसाल्ट. पण दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांचा, हा चाळीस-पंचेचाळीस लाखांचा, म्हणजे अगदी पोर! कडे म्हणूनच अजून असे धारदार. किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत नाही, त्यामुळे संथ निळं सरोवर वगैरे विसरा. लाटा थेट आत येतात. होडीत चढताना नावाडी हात देईल तेव्हाच पाऊल उचला. मी आधी उचललं आणि कमरेपर्यंत भिजलो.

होडी घ्यायची ती हाकाउई खोऱ्यासाठी. अर्ध्या-पाऊण तासात खोऱ्याच्या तोंडाशी, पुढे दोन-अडीच तास चालत वाइपो धबधबा, सुमारे 350 मीटर उंच. वाटेत ओढे ओलांडायचे, जुन्या दगडी जोत्यांवर झाडं वाढलेली. निघण्याआधी दोन गोष्टी विचाराच: धबधब्याला पाणी आहे का, आणि वर पाऊस झालाय का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असलं तर नुसता कडा बघायची तयारी ठेवा. दुसऱ्याचं ‘हो’ असलं तर बेत बदला, ओढे फुगतात. कड्याच्या पायथ्याशी डुंबत बसू नका, वरून दगड सुटतात.

‘नोनो’ म्हणजे बारीक चावऱ्या माश्या. चावताना कळत नाही, खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि आठवडाभर पुरते. लांब बाह्या, लांब पँट, आणि खाजवायचं नाही. हे शेवटचं लिहिणं सोपं आहे.

उत्तरेच्या हातिहेउला गाडीने जा. जवळच्या कामुइहेईला जुन्या सभास्थळाशी वडाच्या जातीचं प्रचंड झाड आहे. मी तिथे तासभर नुसता बसलो. नुकू हिवा ज्या समूहात येतं ती मार्केसास बेटं जुलै 2024 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली, आणि तो निर्णय झाला आपल्या दिल्लीतल्या बैठकीत.

कागदपत्रांत चूक करू नका: नुसता शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, फ्रेंच पॉलिनेशियाचा वेगळा लागतो. वाटेत ज्या देशात विमान बदलाल तिथला ट्रान्झिट व्हिसाही बघा. पॅसिफिक फ्रँक रोख जवळ ठेवा. परतीचं लांबचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका, ताहितीतल्या पापेएतेला एक रात्र हाताशी राहू द्या.

घड्याळ भारताच्या बरोबर 15 तास मागे. संध्याकाळी सहाला फोन केला की घरी दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ. आईला सांगितलं, इथे रोज नीरफणस खातात, भाजून, तळून, आंबवूनसुद्धा. तिने लगेच विचारलं, ‘‘कापं करतात का रे?’’