बॉस्टनची गादी

मार्च २०२४ मधला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सामना, बॉस्टन सेल्टिक्स विरुद्ध फिनिक्स सन्स. शिट्टी वाजलेली, टाइमआउट झालेला, खेळ थांबलेला. चेंडू हातात राहिलाय म्हणून फिनिक्सच्या रॉइस ओनीलनं सहज बास्केटच्या दिशेनं हात उचलला. असल्या फेकीचे गुण कोणी धरत नाही. तेवढ्यात बाकाकडून एक माणूस तरातरा आला आणि हात उंच करून थेट त्याच्यासमोर उडाला. हा खेळाडू नव्हता. बॉस्टनचा मुख्य प्रशिक्षक होता, जो मझुला, वय वर्षं ३५. समोरच्याला आपला चेंडू जाळीत पडताना बघायला मिळू नये, तेवढाही धीर त्याला येऊ नये, असा त्याचा हिशेब.

मला हा माणूस तिथेच आवडला. आमच्याकडे हे सामने सकाळी लागतात. जूनमधली अंतिम फेरी तर सहाच्या सुमाराला सुरू होते. गॅसवर दूध, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा, आणि माझी नजर चेंडू सोडून कडेला येरझाऱ्या घालणाऱ्या गृहस्थांवर. क्रिकेटचा प्रशिक्षक गॅलरीत काळा चष्मा लावून बसतो. हरला तरी चष्म्यामागे काय चाललंय ते कळत नाही. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला ती सोय नाही. खेळाडूंचा घाम अंगावर उडेल इतक्या जवळ तो उभा असतो, पण रेषेच्या आत पाऊल टाकायची मुभा नाही. त्याच्या हातात काय, तर टाइमआउट. सव्वा मिनिटाचा खेळ. पाचजण खुर्च्यांवर बसतात, समोर हा वाकून, हातात पाटीएवढा पांढरा बोर्ड. मार्करनं भराभर गोल, फुल्या आणि बाण काढतो. एक बाण पुसायला अंगठा वापरतो. त्या पाचांपैकी एकजण पाणी पीत असतो, एक टॉवेलात तोंड खुपसून बसलेला, एक गुणफलक बघतोय. डोक्यात किती शिरतं देव जाणे. पण परत उभे राहतात आणि कधी कधी खरंच ते बाण जिवंत झाल्यासारखे पळतात.

सेल्टिक्सचा संघ १९४६ साली सुरू झाला. तेव्हापासून मझुलापर्यंत या जागी १९ माणसं येऊन गेली. विजेतेपदं १८, पण ती सातच जणांत वाटली गेलीत. उरलेल्या बाराजणांच्या पाटीवर शून्य. आणि वाटणी तरी कशी? एकट्याकडे नऊ.

तो एकटा म्हणजे रेड ऑरबॅक. त्याच्या आधीचे दोघे, हनी रसेल आणि डॉगी ज्युलियन, आज फक्त यादीत नाव लावण्यापुरते उरलेत. ऑरबॅक १९५० मध्ये आला आणि १९६६ पर्यंत बाकावर होता. पहिली काही वर्षं विजेतेपद नाही. मग १९५६ मध्ये त्यानं दोन चांगले गडी देऊन बिल रसेल मिळवला आणि १९५७ पासून नऊ विजेतेपदं, त्यातली शेवटची आठ सलग. माणूस मात्र गोडबोल्या अजिबात नव्हे. १९५७ च्या अंतिम फेरीत बास्केटची उंची बरोबर नाही म्हणून वाद घालता घालता त्यानं समोरच्या संघाच्या मालकालाच ठोसा लगावला. निवृत्तीनंतर १९६७ च्या ऑल-स्टार सामन्यात प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तर पंचांशी भांडून तिथूनही बाहेर जावं लागलं. वास्तविक तो प्रदर्शनी सामना!

त्याचा सिगार प्रसिद्ध आहे. सामना खिशात आला असं त्याला वाटलं, की बाकावर बसल्या बसल्या तो सिगार पेटवायचा. घड्याळात मिनिटं शिल्लक, समोरचे घामाघूम होऊन पळतायत आणि हा धूर सोडतोय. प्रतिस्पर्ध्यांचा जीव किती जळत असेल! बॉस्टनच्या एका खानावळीत म्हणे मेनूवरच छापलं होतं, सिगार आणि पाइप ओढू नये, रेड ऑरबॅक यांचा अपवाद. मला हा अपवाद विजेतेपदांपेक्षा मोठा मान वाटतो. शहरातल्या क्विन्सी मार्केटमध्ये त्याचा कांस्यपुतळा आहे तोही बाकावर बसलेला, हातात सिगार. घोडा नाही, चौथरा नाही. शेजारी जागा मोकळी, येणारेजाणारे टेकतात आणि फोटो काढतात.

पण मला त्याची खरी कमाल दिसते ती जागा सोडताना. १९६६ ची अंतिम फेरी, समोर लॉस एंजेलिस लेकर्स. बॉस्टननं पहिलाच सामना घालवला. वर्तमानपत्रांनी लेकर्सचं कौतुक करायला लेखण्या सरसावल्या असतील, तर ऑरबॅकनं जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षापासून प्रशिक्षक बिल रसेल. झालं, लेकर्सची बातमी खाली ढकलली गेली. बॉस्टननं मालिका सात सामन्यांत जिंकली. रसेल हा अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांच्या आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पत्रकार परिषदेत त्याला विचारलं गेलं, की तुम्ही उलटा भेदभाव न करता निःपक्षपातीपणे काम करू शकाल का? गोऱ्या प्रशिक्षकांना हा प्रश्न त्याआधी कोणी विचारल्याचं दिसत नाही. रसेल हो म्हणाला आणि कामाला लागला. ऑरबॅकचा विचार साधा होता: रसेलकडून काम करून घेणारा रसेलपेक्षा चांगला कोण मिळणार?

कारण रसेल खेळतही होता. म्हणजे बाकावरचा माणूस आणि कोर्टाच्या मधोमध उभा असलेला सर्वांत महत्त्वाचा माणूस एकच. हाताखाली साहाय्यक प्रशिक्षकही नाही. पहिल्या वर्षी फिलाडेल्फियानं हरवलं, तेव्हा लोकांनी बॉस्टन संपलं म्हणून ओरडून घेतलं. मग १९६८ आणि १९६९ ला विजेतेपद. १९६९ चा सातवा सामना लॉस एंजेलिसमध्ये होता. लेकर्सच्या मालकानं विजयाच्या आनंदात सोडायला छताला फुगे बांधून ठेवले होते. शेवटच्या मिनिटांत लेकर्सचा विल्ट चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला. थोड्या वेळानं परत जायला तयार झाला, पण त्याच्या प्रशिक्षकानं, बुच व्हॅन ब्रेडा कोल्फनं, त्याला आत घेतलंच नाही. बॉस्टन १०८–१०६ नं जिंकलं. फुगे छतालाच. एका बाजूला स्वतः खेळून जिंकणारा प्रशिक्षक, दुसऱ्या बाजूला आपला सर्वांत उंच गडी बाकावर बसवून हरणारा. त्यानंतर रसेलनं खेळ आणि प्रशिक्षण दोन्ही सोडलं. व्हॅन ब्रेडा कोल्फही लेकर्सकडे राहिला नाही.

ऑरबॅक बाक सोडून कुठे गेला? वर. आधी महाव्यवस्थापक, मग अध्यक्ष, आणि सामन्याला कायम हजर. दुकान मुलाच्या नावावर केलं, पण संध्याकाळी गल्ल्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसायचं काही सोडलं नाही, अशा म्हाताऱ्यांपैकी. पुढची तीस वर्षं त्यानं गादी घरातच ठेवली. १९६६ ते १९९७ या काळात बाहेरचे म्हणावेत असे दोघेच, बिल फिच आणि जिमी रॉजर्स. बाकी सगळे या संघाकडून खेळलेले. टॉम हाइन्सन १९७४ आणि १९७६ ला जिंकला. मोठ्या आवाजाचा माणूस, पुढे टीव्हीवर समालोचनात पंचांची खरडपट्टी काढत राहिला आणि फावल्या वेळात निसर्गचित्रं रंगवायचा. डेव्ह कावन्सनं १९७८-७९ मध्ये रसेलसारखं खेळता खेळता प्रशिक्षण करून पाहिलं, जमलं नाही. एनबीएमधला तो शेवटचा खेळाडू-प्रशिक्षक. फिच शिस्तीचा कडक, सामन्यांच्या टेप लावून चुका दाखवायचा. त्याच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे संघाचा पुढचा तारा लॅरी बर्ड याच्याही पहिल्या वर्षी, संघ २९ विजयांवरून ६१ वर गेला, आणि १९८१ ला विजेतेपद आलं. एम. एल. कार खेळाडू असताना बाकावरून टॉवेल फिरवून गर्दीला चेतवायचा. प्रशिक्षक झाल्यावर १९९६-९७ मध्ये १५ विजय आणि ६७ पराभव. टॉवेल फिरवायला कोणी उरलं नव्हतं.

मग रिक पिटिनो. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधला बडा माणूस, दहा वर्षांचा करार, आणि प्रशिक्षकपदाबरोबर अध्यक्षपदही त्यालाच. ते पद होतं ऑरबॅककडे. म्हाताऱ्याची खुर्चीच हलवली! मला तिथेच पाल चुकचुकल्यासारखं वाटतं, पण हे मागून शहाणपण झालं. १ मार्च २००० ला एक सामना शेवटच्या क्षणी हरल्यावर ऐंशीच्या दशकातल्या विजेत्या संघातल्या खेळाडूंची नावं घेत पिटिनो पत्रकारांवर उखडला: लॅरी बर्ड त्या दारातून चालत येणार नाहीये, मॅकहेल येणार नाही, पॅरिश येणार नाही, आणि आले तरी ते पिकल्या केसांचे म्हातारे असतील. बॉस्टनच्या लोकांना हे आजही पाठ आहे. माणूस बोलला ते शंभर टक्के खरं होतं. खरं बोलून टीका ओढवून घेण्याची वेळ कुणावरही येऊ नये, पण आली की ती अशी येते. जानेवारी २००१ मध्ये तो गेला. ऑरबॅकला अध्यक्षपद परत मिळालं.

ऑरबॅक ऑक्टोबर २००६ मध्ये वारला, ८९ वर्षांचा होऊन. त्याच मोसमात डॉक रिव्हर्सचा संघ सलग १८ सामने हरला. लोक रिव्हर्सला काढा म्हणत होते. पुढच्याच वर्षी केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन हे बडे खेळाडू आले आणि २००८ ला तोच रिव्हर्स विजेता. त्याचा मला आवडणारा किस्सा २०१० चा. लॉस एंजेलिसमध्ये सामना झाल्यावर त्यानं खेळाडू आणि साहाय्यकांकडून प्रत्येकी शंभर डॉलर गोळा केले आणि पाहुण्या संघाच्या खोलीतल्या छताच्या फळीमागे लपवून ठेवले. पैसे परत हवेत तर याच मैदानावर अंतिम फेरीला या. आले. पैसे मिळाले, सातवा सामना मात्र गेला.

त्याच्यानंतरचा ब्रॅड स्टीव्हन्स ३६ व्या वर्षी आला, शांत, नीटनेटका. आठ मोसमांनंतर तोही बाक सोडून वर गेला आणि संघाचा कारभार बघू लागला. इमे उडोकानं पहिल्याच वर्षी, २०२२ ला, अंतिम फेरी गाठली आणि पुढचा मोसम सुरू व्हायच्या आधीच संघाच्या नियमभंगावरून त्याला निलंबित केलं गेलं. ऐनवेळी गादीवर बसवला ३४ वर्षांचा मझुला. सुरुवातीला समोरचा संघ सुटलेला असतानाही तो टाइमआउट घेईना, म्हणून लोक चिडायचे. दोन वर्षांत त्यानं विजेतेपद आणलं. रसेलनंतर इतक्या कमी वयात ते कोणालाच जमलं नव्हतं.

आता मी मुद्दाम मागे ठेवलेला एक माणूस. के. सी. जोन्स, १९८३ ते १९८८. पाच वर्षांत चार अंतिम फेऱ्या, दोन विजेतेपदं, आणि वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार एकदाही नाही. (तो पुरस्कार आज ऑरबॅकच्याच नावानं देतात. खुद्द ऑरबॅकलाही तो एकदाच मिळाला होता, १९६५ ला.) हा माणूस ओरडायचा नाही. गाणं मात्र म्हणायचा, मुक्कामाच्या हॉटेलात पियानो दिसला की. त्याचा एक किस्सा सांगतात. अटीतटीच्या टाइमआउटमध्ये जोन्स काही सांगणार तोच लॅरी बर्ड म्हणाला, चेंडू मला द्या आणि बाकीच्यांना बाजूला व्हायला सांगा. जोन्सनं त्याला गप्प केलं. प्रशिक्षक मी आहे, खेळी मी ठरवणार. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाला, चेंडू लॅरीला द्या आणि तुम्ही बाजूला व्हा.

या एकोणीसजणांपैकी कुणाच्या मागच्या रांगेत एक संध्याकाळ बसायला मिळेल असं कोणी म्हणालं, तर मी जोन्सच्या मागे बसेन. १९८५-८६ च्या मोसमात त्याचा संघ घरच्या मैदानावर ४१ पैकी ४० सामने जिंकला. मला तो एक हरलेला, पोर्टलंडविरुद्धचा, बघायचाय. न ओरडणारा माणूस त्या रात्री टाइमआउटमध्ये बोर्डावर काय काढत होता, एवढंच.