तयार पार्टनर सोडून कच्चा घेतलेली पाखोमोवा

ल्युदमिला पाखोमोवा हे नाव आपल्याकडं फार कुणी ऐकलेलं नसणार, आणि त्यात कुणाचा दोष पण नाही. सांगलीत बर्फ म्हणजे एकतर गोळ्याचा नाहीतर मासळी बाजारात लादी फोडून टोपल्यात घालतात तो, त्याच्यावर नाचून कुणी ऑलिंपिक गोल्ड आणलं म्हणून सांगितलं तर आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न "पडत न्हाईत व्हय?" हाच येणार. पडतात की. पण मला तिच्याबद्दल लिहायचंय ते त्या गोल्डसाठी नाही, तिनं 1966 साली जो एक निर्णय घेतला त्याच्यासाठी. तो निर्णय तेव्हा बघणाऱ्यांना चक्क वेडेपणा वाटला असणार.

तर झालं असं. पाखोमोवा मॉस्कोची, जन्म 31 डिसेंबर 1946. विशीच्या आतच ती सोव्हिएत युनियनची आइस डान्स चॅम्पियन होती, पार्टनर विक्टर रिझकिन, तिच्यापेक्षा वयानं बराच मोठा आणि मुरलेला. सगळं जागच्या जागी बसलेलं. आणि अशा वेळी तिनं ती जोडी मोडून अलेक्झांडर गोर्शकोव नावाच्या पोराला पार्टनर केलं, तिच्याच वयाचा, ऑक्टोबर 1946 चा, आणि स्केटिंगमध्ये तिच्यापेक्षा सरळसरळ कमी. म्हणजे ही देशाची चॅम्पियन आणि तो कुणाच्या खिजगणतीत नसलेला. आता जोडीच्या खेळात मार्क दोघांना मिळून पडतात, एक जण कच्चा असला की दुसऱ्याची कितीही तयारी असली तरी उपयोग शून्य, त्यामुळं हे पाऊल म्हणजे हातातलं टायटल सोडून परत पहिलीच्या वर्गात जाऊन बसणं होतं.

आणि रिझल्ट पण तसाच आला सुरवातीला. 1967 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला व्हिएन्नात ही जोडी तेरावी. पुढच्या वर्षी सहावी. 1969 ला कोलोरॅडो स्प्रिंग्सला एकदम सिल्व्हर. आणि 1970 ला ल्युब्लियानात गोल्ड. तेराव्या नंबरावरनं तीन वर्षांत जगात पहिला. त्यानंतर 71, 72, 73, 74 आणि 76, अशी सहा वर्ल्ड टायटलं, युरोपची सहा वेगळी. मधे 1972 ला युरोपियनमध्ये गोथेनबर्गला पश्चिम जर्मनीच्या बुक भावंडांनी, अँगेलिका आणि एरिकनं, ह्यांना हरवलं पण होतं, पण लगेच त्याच वर्षी कॅल्गरीच्या वर्ल्डला हिशोब चुकता केला. 1970 सालीच लग्न केलं दोघांनी.

आता हे मला इतकं का भिडलं ते सांगतो. मी हौशी नाटकवाला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ह्याच गावात सीता स्वयंवर केलं, आम्ही स्वतःला नाट्यपंढरीचे वारकरी म्हणवतो, भावे नाट्यमंदिराच्या पायऱ्यांवर बसून तासन्तास चर्चा झोडतो, आणि एकांकिका स्पर्धेचा फॉर्म हातात आला की सगळ्यात आधी काय करतो तर "मागच्या साली बक्षीस कुणाला होतं? त्याला फोन लावा." तयार नट पाहिजे. तयार माणसाला घेऊन पहिल्या फेरीला टाळ्या मिळतात पण दोन सीननंतर दिसायला लागतं की तो त्याचं वाजवतोय आणि ही तिचं वाजवतेय, दोघांच्या मधे काही घडतच नाहीये. पाखोमोवाचं डोकं नेमकं इथं चाललं असणार असं माझं मत आहे. तिला स्वतःपेक्षा भारी स्केटर नकोच होता, तिला असा माणूस पाहिजे होता जो तिच्या डोक्यातल्या नव्या प्रकारात तिच्याबरोबर वाढेल.

नवा प्रकार म्हणजे काय, तर त्याआधी आइस डान्स ही जवळजवळ ब्रिटिशांची जहागीर होती. 1952 पासनं वर्ल्डमध्ये हा प्रकार आला तेव्हापासनं टायटल जास्त करून त्यांच्याकडं, मधे 1962 ते 65 चेकोस्लोव्हाकियाच्या एवा रोमानोवा आणि पावेल रोमान ह्या बहीणभावाकडं, मग 66 ते 69 परत ब्रिटनच्या डायान टाउलर आणि बर्नार्ड फोर्डकडं. स्टाइल बॉलरूमची. पाठ ताठ, हात जागेवर, पाय एकदम अचूक, आणि भावना वगैरे घरी ठेवून यायच्या. सोव्हिएत लोकांचं तेव्हा नाव होतं ते पेअर स्केटिंगमध्ये, बेलोउसोवा आणि प्रोतोपोपोव ह्या नवराबायकोनं 1964 आणि 68 ची ऑलिंपिक गोल्ड घेतलेली. आइस डान्समध्ये त्यांना कोण विचारत नव्हतं.

(पेअर आणि डान्स ह्यातला फरक थोडक्यात सांगतो, कारण मला स्वतःला कळायला वेळ लागला. पेअरमध्ये तो तिला डोक्यावर उचलतो, लांब फेकतो, ती हवेत गिरक्या घेऊन उतरते. डान्समध्ये ते सगळं बंद. लांब लांब जायचं नाही, जवळ राहून, तालावर, पायानं नाचायचं. म्हणजे जे बघून पब्लिक शिट्ट्या मारतं ते सगळं काढून घेतलं आणि म्हणाले आता दाखवा काय येतं ते.)

पाखोमोवा शिकली कुठं, तर मॉस्कोच्या गितिसमध्ये. ही नाटकाची संस्था आहे, स्पोर्ट्स कॉलेज नव्हे. तिथं तिनं कोरिओग्राफीचं शिक्षण घेतलं, 1970 ला पास झाली. तिची कोच येलेना चैकोव्स्काया, ती पण आधी स्केटर, 1957 ची सोव्हिएत महिला चॅम्पियन, आणि ती सुद्धा गितिसचीच. जन्म 1939, म्हणजे ही जोडी जमली तेव्हा कोचच जेमतेम सव्वीस वर्षांची. तिघं तरुण, तिघांचं काही पणाला लागलेलं, आणि त्यांनी ठरवलं की बर्फावर बॉलरूम नाही करायचं, पात्रं उभी करायची. रशियन लोकसंगीत घेतलं, चेहरा वापरायला लागले, मान, खांदे, नजर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांच्या मधे काहीतरी चाललंय, भांडण, लाडीगोडी, रुसवा, हे लांबच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे. रंगमंचावरचा हा पहिला धडा आहे खरं तर. गोर्शकोव तिच्याइतका झळकत नाही व्हिडिओत, हे मान्य, नजर तिच्याकडंच जाते. पण तो तिला कुठं कमी पण पडू देत नाही. तिचा तोल, तिचं वळण, सगळं त्याच्या हातावर चाललेलं असतं आणि तो ते दिसू देत नाही. असा सहनट मिळायला नशीब लागतं म्हणतात, हिनं तो सहा वर्ल्ड टायटलं जिंकेल असा घडवून घेतला.

ह्या सगळ्याचा कळस म्हणजे टँगो, अर्जेंटिनाकडचा जोडीनं करायचा नाच. त्यांचं कुम्पारसिता नावाच्या टँगोच्या धूनवरचं सादरीकरण इतकं गाजलं की अजून लोक तेच लावून बघतात. पण माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट दुसरी आहे. ह्या दोघांनी आणि चैकोव्स्कायानं मिळून एक टँगो बसवला, टँगो रोमँटिका, पहिल्यांदा केला 1974 ला मॉस्कोत, आणि तो पुढं कंपल्सरी डान्स म्हणून घेतला गेला. कंपल्सरी म्हणजे सगळ्या जोड्यांनी तेच पाय, तीच वळणं, त्याच लयीत करायची, मिनिटाला 112 ठोके, आणि बर्फावर आखून दिलेल्या वाटेनंच जायचं. गंमत म्हणजे 1970 ला ल्युब्लियानात ह्यांच्या मागं दुसरी आलेली अमेरिकन जोडी, ज्युडी श्वोमेयर आणि जेम्स स्लॅडकी, त्यांनी पण यांकी पोल्का नावाचा एक कंपल्सरी डान्स मागं ठेवलाय. पहिले आणि दुसरे दोघं पण अभ्यासक्रमात गेले, असं कुठल्या खेळात होतं?

1975 ला मात्र सगळं संपता संपता राहिलं. कोपनहेगनला युरोपियन जिंकले आणि त्याच्यानंतर गोर्शकोवच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं, साधं नाही, ऑपरेशन करायला लागलं. त्या वर्षीच्या वर्ल्डमधनं माघार, वर्ल्ड होती कोलोरॅडो स्प्रिंग्सला, समुद्रसपाटीपासनं अठराशे मीटर उंचावर, जिथं धडधाकट माणसाला पण धाप लागते. टायटल गेलं त्यांच्याच देशाच्या मोइसेयेवा आणि मिनेन्कोवकडं. आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1976, इन्सब्रुक, आइस डान्स पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येणार होता. दहा वर्षं ज्याच्यासाठी घासली तो खेळ ऑलिंपिकमध्ये येतोय आणि नवऱ्याचं नुकतं फुप्फुसाचं ऑपरेशन झालंय. हे दोघं गेले आणि जिंकले. आइस डान्सचे पहिले ऑलिंपिक चॅम्पियन. मोइसेयेवा-मिनेन्कोव दुसरे, अमेरिकेचे ओकॉनर-मिल्न्स तिसरे. मग गोथेनबर्गला सहावं वर्ल्ड टायटल घेतलं, चार वर्षांपूर्वी जिथं हरले होते तिथंच, आणि थांबले.

पुढचं वाचायला मला जड गेलं. 1977 ला मुलगी झाली, गितिसमध्ये शिकवायला लागली, कोचिंग सुरू केलं, आणि रक्ताच्या कॅन्सरनं 17 मे 1986 ला गेली. एकोणचाळीस वर्षांची. आजारपणात पण पोरांना शिकवत राहिली.

आता 2010 चं व्हँकुव्हर ऑलिंपिक घ्या. आइस डान्सचा पहिला दिवस, कंपल्सरी डान्स, आणि निवडलेला कुठला, तर टँगो रोमँटिका. म्हणजे कॅनडा, अमेरिका, रशिया, इटली, जितक्या म्हणून जोड्या होत्या त्या सगळ्या एकामागून एक येऊन पाखोमोवाचे पाय टाकून गेल्या, ती जाऊन चोवीस वर्षं झाल्यावर. त्या सीझननंतर कंपल्सरी डान्स हा प्रकारच बंद झाला, त्यामुळं ऑलिंपिकमधला शेवटचा कंपल्सरी तिचाच ठरला. आणि शेवटी गोल्ड घेतलं कॅनडाच्या व्हर्च्यू आणि मॉयरनं, सिल्व्हर अमेरिकेच्या डेव्हिस आणि व्हाइटनं. ह्या दोन्ही जोड्यांना तेव्हा डेट्रॉइटजवळ मरिना झुएवाच्या जोडीनं शिकवणारा माणूस इगोर श्पिलबांड, जो 1983 ला तात्याना ग्लादकोवाबरोबर ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन होता, आणि त्याची तेव्हाची कोच होती पाखोमोवा. हे जुळलं तेव्हा मी रात्री साडेबाराला एकटाच "आयला" म्हणून ओरडलो, बायको म्हणाली क्रिकेट चालू आहे का.

कच्चा पार्टनर म्हणून सुरवात केलेल्या गोर्शकोवचं काय झालं ते पण सांगायला पाहिजे. तो आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या आइस डान्स समितीचा प्रमुख झाला, 2010 पासनं रशियाच्या फिगर स्केटिंग फेडरेशनचा अध्यक्ष, 2022 ला जाईपर्यंत. अख्खा खेळ चालवला माणसानं.

माझी भाची विश्रामबागला रोलर स्केटिंगला जाते, तिला ह्या दोघांचा 76 चा व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "मामा, हे लई स्लो हाय की." तिचं पण बरोबर आहे, आत्ताचं बघितलेल्या डोळ्यांना ते सावकाश वाटणारच, आत्ता डान्समध्ये पण डोक्यावर नाही तरी उचलणं, फिरवणं चालतं. म्हणून बघणार असाल तर एक करा. पहिल्यांदा नुसतं तिचा चेहरा बघा. दुसऱ्यांदा फक्त पाय. बर्फावरच्या ब्लेडला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची, आणि चांगला डान्सर कायम एका धारेवर झुकून वळतो, त्यामुळं अंग किती कललंय बघा आणि दोघांच्या पायांत अंतर किती कमी आहे ते बघा, इतक्या जवळ आणि त्या वेगात एकाचं ब्लेड दुसऱ्याला लागलं तर काय होईल. तिसऱ्यांदा गोर्शकोवचा उजवा हात बघा, तिच्या पाठीवरचा. भाचीनं तिसऱ्यांदा बघितल्यावर विचारलं की तो तिला ढकलतोय का धरतोय, आणि तेवढ्यात क्लासची वेळ झाली म्हणून पळाली.