फिटची वही

"मागच्या वेळेपासून किती फिट आल्या?" हा प्रश्न नागपुरात धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात विचारा की मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत, उत्तर ठरलेलं: "आल्या असतील दोन-चार." आता दोन आणि चार यांत औषध लागू पडणं आणि न पडणं एवढा फरक आहे. महिन्याला चार येत होत्या त्या दोनवर आल्या, तर डॉक्टर तेच औषध थोडं वाढवतील. चारच्या चारच राहिल्या, तर औषध बदलतील. "दोन-चार" ऐकून ते अंदाजाने काहीतरी लिहितात, आणि पुढचे तीन महिने त्या अंदाजावर जातात.

मिर्गी म्हणा, फेफरं म्हणा, झटके म्हणा, या आजारात रुग्णाच्या घरात तयार होणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शंभर पानांची साधी वही. मोबाइलमधली ॲपही चालतात, पण वही आजीलाही लिहिता येते आणि बालाघाट-गडचिरोलीहून येणाऱ्या पेशंटबरोबर काका आला काय नि शेजारी आला काय, ती पिशवीत टाकून नेता येते.

एका फिटला एक नोंद. ती कशी असावी, त्याचा नमुना असा: "14 ऑगस्ट, पहाटे 5.10. झोपेत. आधी मान उजवीकडे वळली, मग उजवा हात ताठ, मग सगळं अंग. 1 मिनिट 40 सेकंद. डोळे उघडे. नंतर 20 मिनिटं बोलता येत नव्हतं, पण सांगितलेलं समजत होतं. रात्रीची गोळी 9 ऐवजी 11 ला. पाहिलं: आई." या चार ओळींत न्यूरोलॉजिस्टला बरंच दिसतं. मान आणि हात उजवीकडचे, म्हणजे सुरुवात बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला. बोलणं उशिरा परत आलं, म्हणजे भाषेच्या केंद्राच्या आसपास. आधी एक बाजू आणि मग सगळं अंग, म्हणजे फिट एका जागी सुरू होऊन पसरली, आणि त्यावर औषध कुठलं निवडायचं हेही बदलतं. "बेशुद्ध झाला, तोंडाला फेस आला" एवढंच लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही, कारण शेवटी बहुतेक मोठ्या फिट सारख्याच दिसतात. पहिले दहा सेकंद सगळ्यात बोलके.

म्हणून व्हिडिओ. घरात दोघं असतील तर एकाने रुग्णाजवळ बसायचं, दुसऱ्याने मोबाइल धरायचा. एकटेच असाल तर आधी कुशीवर वळवा, चष्मा काढा, मग मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवा. दिवा लावा, पांघरूण बाजूला करा आणि चेहऱ्यासकट पूर्ण अंग दिसेल असं धरा. लोक नुसता चेहरा काढतात आणि कुठला हात आधी ताठ झाला हे त्यात येतच नाही. हात-पाय दाबून धरू नका. फिट थांबली की व्हिडिओ बंद करू नका, अर्धी माहिती पुढेच असते. नाव विचारा, दोन्ही हात वर करायला सांगा, चमचा दाखवून "हे काय?" विचारा. फिट चालू असताना मोठ्याने एक शब्द सांगून ठेवा, "संत्रं" म्हणा हवं तर, आणि शुद्धीवर आल्यावर तो आठवतो का ते विचारा. आठवला तर शुद्ध पूर्ण हरपली नव्हती.

डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले, हे जरूर टिपा. मिर्गीच्या मोठ्या फिटमध्ये डोळे सहसा उघडे असतात. घट्ट मिटलेले डोळे, मान दोन्ही बाजूंना हलत राहणं, थांबत-थांबत बराच वेळ चाललेले झटके असं दिसलं तर डॉक्टर मानसिक ताणातून येणाऱ्या झटक्यांचाही विचार करतात. ते झटके नाटक नसतात. पण मिर्गीच्या गोळ्या त्यांना लागू पडत नाहीत, आणि हे वेळेत न कळल्याने लोक वर्षानुवर्षं उगाच गोळ्या खात राहतात.

छोट्या फिट तर नोंदीतून सुटतातच. "चहा ओतता ओतता थांबला, ओठ चाटून राहिला होता, शर्टाची गुंडी चाचपून राहिला होता, हाक मारली तर ओ नाही." अर्धा मिनिट, आणि पुन्हा चहा. हीही फिटच, आणि ज्याला आली त्याला तिचा पत्ता नसतो. जर्मनीत बॉनला रुग्णांना व्हिडिओ-ईईजीवर (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख आणि सोबत चित्रीकरण) ठेवून तपासलं, तेव्हा निम्म्याहून जास्त फिटची नोंद रुग्णांनी केलेलीच नव्हती (2007). सांगून, आठवण करून देऊनही. म्हणून वही रुग्णाच्या कपाटात नको, स्वयंपाकघरात टांगून ठेवा. ज्याने पाहिलं त्याने लिहायचं. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशी "नाही" असं लिहा. कोरी जागा दिसली की फिट आली नाही की लिहायची राहिली, हे पंधरा दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही.

पहिल्या पानावर तातडीचं लिहा. फिट सुरू झाली की घड्याळ बघायचं. 5 मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर 108. डॉक्टरांनी चालू फिट थांबवणाऱ्या मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर किती फवारे ते आकड्यात लिहून घ्या, कारण त्या घाईत गणित जमत नाही. नेहमीचा हिशेब किलोमागे 0.2 मिलिग्रॅमचा. 20 किलोच्या मुलाला 4 मिलिग्रॅम. एका फवाऱ्यात 0.5 मिलिग्रॅम निघत असेल तर 8 फवारे, प्रत्येक नाकपुडीत 4. एका फवाऱ्यात जास्त औषध देणाऱ्या बाटल्याही मिळतात. दुकानदाराने दुसरी दिली आणि पानावर जुनाच आकडा राहिला तर डोस दुपटीहून जास्त जाईल, त्यामुळे बाटली बदलली की आकडा बदला. नवी बाटली पहिल्यांदा वापरण्याआधी तुषार नीट येईपर्यंत हवेत दाबून घ्यावी लागते, नाहीतर पहिले एक-दोन फवारे रिकामेच जातात. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांबद्दल लिहायचा आता कंटाळा येतो. फिट दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं.

दुसरं पान औषधांचं. नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि कंपनी. औषध तेच असलं तरी कंपनी बदलली की तारीख टाका. फेनिटॉइनच्या बाबतीत तर याला फारच महत्त्व आहे. हे औषध शरीरातून काढून टाकण्याची यकृताची क्षमता एका मर्यादेनंतर संपते, त्यामुळे डोस थोडासा वाढला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं. चालताना झोकांड्या जाणं, एकाचे दोन दिसणं ही त्याची लक्षणं. ती दिसली तर "अशक्तपणा आला" म्हणून टॉनिक आणू नका, रक्तातली पातळी तपासून घ्या. व्हॅल्प्रोएटची गोळी ओलावा ओढते. ती पाकिटातून काढून सात खणांच्या डबीत भरली तर पावसाळ्यात चिकट होते, म्हणून पाकीट कात्रीने कापून खळग्यासकटच डबीत ठेवा. आणि मे महिन्यात कुठलीच औषधं स्कूटीच्या डिक्कीत नकोत. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, बाळात व्यंग येण्याचा धोका या औषधाने बराच वाढतो. पण दिवस गेल्याचं कळताच घाबरून गोळ्या बंद करणं त्याहून वाईट. तापासाठी, दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर हे पान दाखवा. ट्रामाडॉल आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी नेहमीची औषधंही फिट आणू शकतात. जागरण मात्र सगळ्यांच्या वर. लग्नाची हळद, देवीचा जागर, परीक्षेची रात्र, हे वहीत आपोआप दिसायला लागतं.

आता संशोधनाकडे. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नसतील, तर आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार (2010) ती औषधांना दाद न देणारी मिर्गी. साधारण तीनातल्या एकाची गत ही. अशा वेळी तिसरी, चौथी, पाचवी गोळी जोडत बसण्याआधी शस्त्रक्रियेसाठी तपासणी व्हायला हवी. दिल्लीच्या एम्सने 116 मुलांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के मुलं वर्षभराने फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी 7 टक्के. तुलनेचा गट होता शस्त्रक्रियेच्या यादीत वाट पाहणाऱ्या मुलांचा. वाट तर तशीही पाहावी लागणार होती, तिचाच अभ्यास झाला. संशोधन म्हणजे दर वेळी नव्या औषधाची चाचणी असतेच असं नाही.

नव्या औषधाच्या चाचणीत प्रवेश मिळतो तो मात्र वहीवर. सेनोबामेट या मिर्गीच्या नव्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत आधी 8 आठवडे नुसती मोजणी होती. त्यात किमान 8 फिट हव्या होत्या आणि मधे 25 दिवसांहून मोठा खंड नको होता. नंतर औषधाचं यश मोजलं तेही याच आकड्याशी तुलना करून: फिट किती टक्क्यांनी कमी झाल्या. नुसती औषधविरहित गोळी मिळालेल्यांच्या फिटही त्या चाचणीत सुमारे 24 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, म्हणून तुलनेचा गट लागतोच. अशा चाचण्यांत चालू औषधं बंद करत नाहीत, नवी गोळी त्यांच्यावर जोडतात. सेनोबामेटच्या सुरुवातीच्या अभ्यासांत डोस भराभर वाढवल्याने तिघांना अंगभर पुरळ आणि अवयवांना इजा करणारी गंभीर ॲलर्जी झाली, एक जण दगावला. मग 12.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी वाढवत नेलं, तेव्हा 1339 जणांत असा एकही प्रकार झाला नाही. अमेरिकेत त्या औषधाला नोव्हेंबर 2019 मध्ये मान्यता मिळाली. "इतक्या हळू का वाढवतात?" याचं उत्तर या आकड्यांत आहे.

कोणी चाचणीबद्दल विचारलं तर आधी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. ही भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, 2007 पासूनची, इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. मिर्गीसाठी कुठे काय चालू आहे, नागपुरात केंद्र आहे का, वयाची अट काय, हे तिथेच सापडतं. संमतिपत्र समजेल अशा भाषेत मिळणं हा हक्क आहे. मराठी प्रत मागा, घरी नेऊन वाचा, दुसऱ्या दिवशी सही करा. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, दोन्ही मिळायला हवं. नीतिमत्ता समितीचा फोन नंबर संमतिपत्रावर आहे का ते बघा. 7 वर्षांवरच्या मुलाला आई-वडिलांनी "हो" म्हटलं तरी त्याचं स्वतःचं "हो" वेगळं घ्यावं लागतं. विचारायचे प्रश्न थोडेच: नागपूरबाहेर किती वेळा जावं लागेल, प्रवासखर्च कोण देणार, फिट वाढल्या तर कोणाला फोन करायचा, आणि औषध लागू पडलं तर चाचणी संपल्यावर ते मिळत राहणार का. शेवटच्या प्रश्नावर बरेचदा समोरचा माणूस जरा थांबतो. उत्तर लेखी घ्या.

बाहेर पडायचं तर कारण न देताही पडता येतं, नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. फक्त चाचणीतली गोळी त्याच दिवशी एकदम सोडू नका. आधी केंद्राला कळवा, डोस पायरीपायरीने उतरवण्याचा तक्ता घ्या, तो वहीच्या दुसऱ्या पानावर उतरवा आणि नोंदी चालू ठेवा.